कोबाल्ट आळीतलं कीर्तन

या, असे पुढं सरका. भिंतीला टेकून बसणाऱ्यापर्यंत गोष्ट निम्मीच पोचते, आणि ही निम्मी ऐकायची गोष्ट नाही. उभा जन्म मी बुवांच्या मागं बसून पेटी वाजवली. तुम्हाला बुवांचं तोंड दिसतं, मला लोकांची तोंडं दिसतात. तेव्हा एका कीर्तनाचं सांगतो, लोकांच्या तोंडांवर जसं दिसलं तसं. त्यात देव आहे, डॉक्टर आहे आणि माझी आई आहे.

"ही एक छोटीशी भेट, मावशी. आमच्या संस्थेकडून."

आमच्या पडवीत उभ्या असलेल्या मुलीनं दोन्ही हातांनी एक चकचकीत स्टीलचा डबा पुढं केला. झाकणावर संस्थेचं नाव कोरलेलं. आई शेंगा फोडत बसली होती. तिनं डब्याकडं बघितलं आणि सुपासकट हातभर मागं सरकली.

"लोखंडाचा हाय?"

"स्टीलचा आहे. एकदम उत्तम प्रतीचं."

"आमचं बी उत्तम प्रतीचंच हुतं, बाई," आई म्हणाली. "तिकडं उंबऱ्याभाईर ठेव."

त्या मुलीचं नाव मृण्मयी. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'समाजसंवाद अधिकारी' असं होतं. तिच्यामागं डॉक्टर केसकर उभे होते, संशोधनाचे प्रमुख. गोरे, हसरे, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. डबा बाहेर का गेला ते दोघांनाही उमगलं नाही. तुम्हाला उमगावं म्हणून आधी आमची आळी सांगतो.

तांबखडीला एक रोलिंग मिल होती. भंगार वितळवून सळ्या काढायची. एकदा त्या भंगारात कुठल्यातरी मोडीत काढलेल्या यंत्राच्या पोटातलं, घातक किरण सोडणारं कोबाल्ट आलं. ते वितळलं, सळ्यांत मिसळलं, आणि सळ्या स्वस्तात आमच्या आळीत आल्या. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गवंडी. आख्ख्या आळीच्या स्लॅबा त्यांनी टाकल्या, विठोबाच्या देवळाचा सभामंडप बांधला, आणि स्वतःच्या घरात सळ्या घातल्या त्या सगळ्यांपेक्षा दाट. "माझं घर शंभर वर्षं हलायचं न्हाई," असं म्हणायचे. पुढं काही वर्षांनी मिलचा माल परदेशी निघाला आणि बंदरावरच्या यंत्रानं बोंब ठोकली. मग तोंडं झाकलेली माणसं कटकट वाजणारी यंत्रं घेऊन आळीत शिरली. आमच्या सैपाकघरात यंत्र असं काही वाजायला लागलं की शेजारच्या तबलजीनं मांडीवर ठेका धरला. घरं पाडली, देऊळ पाडलं, खालच्या मातीसकट सगळं उचलून नेलं आणि ओढ्यापलीकडं आम्हाला नवी घरं आणि विठोबाला नवं देऊळ दिलं. सरकारनं नाव ठेवलं 'नवजीवन वसाहत'. लोकांनी ठेवलं 'कोबाल्ट आळी'. टपाल त्याच नावानं यायचं, एसटीचा कंडक्टर तेच नाव ओरडायचा. रस्त्यावर दिवे मागायला गेलो तर नगरपालिकेतले साहेब म्हणाले, "तुम्हाला कशाला दिवे? तुम्ही अंधारात आपापले दिसता की!" पोरींची लग्नं चार तालुके ओलांडून जमवावी लागायची, आणि गाव कोणतं म्हणून विचारलं की आम्ही शेजारच्या गावाचं नाव सांगायचो.

हळूहळू लोक विसरत आले होते. आम्हीही. तेवढ्यात डॉक्टर आले.

"तुमच्या कुटुंबांच्या रक्तात पुढच्या पिढ्यांची उत्तरं आहेत," ते आईसमोर उकिडवे बसत म्हणाले. "आईचं रक्त आणि मुलाचं रक्त शेजारी शेजारी ठेवायचं आणि वाचायचं. किरणांनी काय मोडलं, काय नाही, सगळं अक्षरन् अक्षर कळतं. कोण कुणाचं कोण, तेसुद्धा."

आईच्या हातातली शेंग फुटायची राहिली.

मृण्मयीनं मांडीवरच्या टॅबवर प्रश्न सुरू केले. "हयात अपत्यं किती?"

"एक. ह्यो."

"तब्येत?"

"बघा की. म्हशीवानी हाय."

"त्याच्या आधी, बाई..." आई पुढं काही बोलणार होती.

"फक्त हयात, मावशी," मुलगी गोड आवाजात म्हणाली आणि तिनं पुढच्या पानावर बोट फिरवलं.

डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून मृण्मयीला सांगत होते, "आळीत सर्वाधिक किरण याच घरात. या माउलीनं त्या सैपाकघरात सगळा संसार केला. आणि हा बघ मुलगा! धडधाकट! हा आपल्या संशोधनातला हिरा आहे."

आता हिऱ्याचं सांगतो. मी आईच्या पोटचा नाही.

मिलमध्ये भंगार वाहायला परमुलखातली एक बाई होती. सरकारी दवाखान्यात माझ्या आईच्या शेजारच्या खाटेवर ती बाळंत झाली आणि गेली. आईचं मूल त्याच दिवशी गेलं होतं. नर्सनं मला उचलून आईच्या कुशीत ठेवलं, आणि आबा मला पंच्यात गुंडाळून घरी घेऊन आले. कागद नाही, पत्र नाही. आळीत गुपित म्हणावं असं हे एकच होतं आणि ते झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. मलासुद्धा. चौथीत असताना भांडणात एक पोरगं बोलून गेलं, "तू मिलवालीचा!" घरी आलो तर आई माझ्या सदऱ्याला बटण लावत होती. मी काही बोललो नाही. त्यानंतर कधीच बोललो नाही. मला ठाऊक आहे हे एकट्या आईला ठाऊक नव्हतं.

आणि आळी अशी, की आमच्या वामनबुवा कुरुंदवाडकरांनी माझ्या जन्मानंतर आमच्या देवळात यशोदेचं आख्यान म्हणून लावलं नाही. गोकुळाष्टमीला वसुदेव टोपली घेऊन यमुनेत उतरायचे, पाणी गळ्याला लागायचं, आणि बुवा आरती सुरू करायचे. आमच्याकडचे वसुदेव सत्तावीस वर्षं यमुनेतच उभे होते. माझ्या आईच्या, सुंदराबाईच्या डोळ्यांत पाणी नको, एवढ्यासाठी.

डॉक्टर गेल्यावर मी आईला म्हणालो, "आई, रक्त नको द्यायला. तुला आधीच अशक्तपणा."

"मला कशाचा अशक्तपणा? तुलाच चक्कर येती. परवा पेटीवर मान टाकलीस."

"ती झोप होती गं."

"मंग झोपंसाठी तरी नकोच."

आम्ही दोघंही एकमेकांच्या तब्येतीची काळजी करत सुटल्यासारखे हसलो.

पण हिरा हातचा सोडायला डॉक्टर तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी ते मला देवळात भेटले. आळीत सप्ताह सुरू होता आणि त्या साली मांडव, जेवणावळी, सगळं संस्थेनं अंगावर घेतलं होतं. विठोबाच्या डाव्या अंगाला रखुमाई आणि उजव्या अंगाला संस्थेचा फलक, त्यावर पीळ घातलेली रंगीत शिडी.

"शिडी कुठं जाती ही?" म्हातारे तात्या सुतार विचारत होते.

"तुमच्या पूर्वजांपर्यंत, आजोबा," मृण्मयी म्हणाली.

"मंग माझ्या बापाला सांगा, बांध कुठवर हाय ते. भावकीत लई तंटा चाललाय."

मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. "साहेब, अहवाल कुणाला मिळणार?"

"ज्याचा त्याला! थेट मोबाइलवर. जाणून घेणं हा तुमचा हक्क आहे, भानुदास."

"आणि जाणून न घेणं?"

डॉक्टरांनी मृण्मयीकडं बघितलं. तिनं टॅबवर बोट वर-खाली फिरवलं. "तसा पर्याय नाहीये, सर."

"आणि नाव?"

"पूर्ण गुप्त! तुम्ही आम्हाला फक्त कोआ-एक." म्हणजे कोबाल्ट आळी, पहिला नमुना. तो गुप्त नमुना त्यांनी मला फलकाच्या खालच्या कोपऱ्यात दाखवलाही. मीच होतो. पेटीवर हात, मागं आमच्या देवळाचं नाव, आणि ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी. खाली लिहिलं होतं, 'सर्वाधिक किरण सोसलेल्या मातेचा निरोगी पुत्र.' सकाळपासून तालुक्यातली निम्मी माणसं मला 'काय कोआ-एक' म्हणून रामराम करत होती.

आई त्या फलकापुढं बराच वेळ उभी राहिली होती, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. तिला वाचता यायचं, सावकाश.

त्या संध्याकाळी डॉक्टर कीर्तनाला बसले. जन्मात पहिल्यांदा. बुवांनी हात वर केले, "बोला, पांडुरंग हरी!" आणि मंडपातून असा आवाज उठला की डॉक्टर खुर्चीत ताठ झाले.

"काय म्हणाले सगळे?" त्यांनी मृण्मयीला विचारलं.

"बुवा जे म्हणाले ते, सर."

"सगळे?"

"सगळे."

"शंभर टक्के प्रतिसाद!" त्यांचे डोळे चमकले. घरोघरी जाऊन एकेकाची संमती घ्यायची, समजावून सांगायचं, शंका फेडायच्या, यात त्यांचे दोन महिने जाणार होते. इथं एका हाळीत आख्खी आळी हो म्हणत होती. कीर्तन संपताच ते बुवांकडं आले. "बुवा, उद्या मध्यंतराआधी चार वाक्यं म्हणा. शेवटी विचारा, देणार ना रक्त? आणि तुमचं ते 'बोला'. आम्ही ध्वनिमुद्रण करू. सामुदायिक संमती म्हणून चालतं ते."

डॉक्टरांनी पुढं केलेला कागद बुवांनी लांब धरून वाचला, आणि त्यांच्या खांद्यावरून मीही. वय झालेलं, पण मान सरळ. "हे गादीवरून म्हणायचं?"

"गादीवरून, खुर्चीवरून, तुमच्या सोयीनं."

"माझ्या सोयीनं. बरं." बुवांनी कागद पगडीच्या घडीत खोचला.

मी वाटेत त्यांना गाठलं. "बुवा, चौथं वाक्य वाचलंत?"

"वाचलं."

"आईचं काय होईल?"

"भानुदासा," बुवा म्हणाले, "ज्यांनी मांडव घातला त्यांना नाही म्हणता येत नाही. आणि जिथं उभा राहतो त्या जागेला फसवता येत नाही. उद्या तू सूर सोडू नकोस. एवढंच कर."

ती जागा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला पाहिजे. कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी. दिसायला एक विटलेली सतरंजी, चार घड्या घातलेली. पण तिच्यावर चढला की माणसाचं बोलणं त्याचं राहत नाही. मध्यंतरात ऐंशी वर्षांचा म्हातारासुद्धा येऊन पाया पडतो तो बुवांच्या नव्हे, गादीच्या. तिच्यावरून खोटं बोलायचं नाही, हा बोलणाऱ्याला नेम. आणि कीर्तन चालू असताना मध्ये उठायचं नाही, हा ऐकणाऱ्याला. आमचे बुवा तर असे की एकदा चुकून एकादशीची वेळ पुढची सांगितली, म्हणून चालतं कीर्तन थांबवून, कान धरून, पुन्हा सांगितली. आळीतलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणून होतं. डॉक्टरांना ती सतरंजी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत खुर्चीवर डॉक्टर, शेजारी तिपाईवर ध्वनिमुद्रणाचं यंत्र. बायांच्या अंगाला खांबाजवळ आई. पूर्वरंग संपला आणि बुवांनी पगडीतला कागद काढला.

"मंडळी, संस्थेनं मला चार वाक्यं सांगायला दिली आहेत. सांगतो. एक, चमचाभर रक्त दिल्यानं अशक्तपणा येत नाही."

हे गादीवरून. लोकांनी माना डोलावल्या.

बुवांनी दुसरं वाक्य मनात वाचलं. फलकाकडं बघितलं, काळ्या पट्टीखालच्या माझ्याकडं बघितलं. मग शांतपणे गादीवरून खाली उतरले, फरशीवर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दोन! कुणाचंही नाव कुणालाही कळणार नाही." आणि पुन्हा वर चढले.

मंडपातून एक सुस्कारा गेला. माझ्या शेजारचा तबलजी डग्ग्यावर बोट ठेवून थांबला. तात्या सुतारांनी शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. डॉक्टर मृण्मयीच्या कानाशी लागले, "काय हालचाल आहे बघ! प्रेक्षकांमध्ये येतात!"

"तीन," बुवा म्हणाले, आणि एक पाय गादीवर ठेवून दुसरा खाली सोडला. "अहवाल ज्याचा त्याला मिळेल, आणि त्यानं त्याचं भलंच होईल." अर्धं वर, अर्धं खाली. लोक तोंडाला पदर लावून, उपरणं लावून हसू दाबत होते. डॉक्टर टाळ्या वाजवत होते.

मग चौथं. बुवांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला असणार, कारण समोरच्या सगळ्यांचे चेहरे उतरले. ते दोन्ही पायांनी खाली आले. नुसते खाली आले नाहीत, चार पावलं लांब, पार खांबापर्यंत गेले. गादीला पाठ केली.

"चार. या आळीत सर्वाधिक किरण सोसलेल्या मातेच्या पोटी निरोगी पुत्र जन्मला. तेव्हा सळ्यांनी कुणाच्या कुशीला काही झालेलं नाही, हे सिद्ध आहे."

हसू कुठल्या कुठं गेलं. मी मघाशी म्हणालो ना, मला तोंडं दिसतात? त्या क्षणी मला एकही तोंड दिसलं नाही. सगळ्या माना खाली. आळीतल्या एकाही माणसानं आईकडं बघितलं नाही. तिच्याकडं न बघण्यासाठी माणसं पायांची बोटं बघत होती, फरशी बघत होती. सत्तावीस वर्षं जपलेलं ते सगळ्यांनी मिळून असं डोळे मिटून धरलं होतं.

डॉक्टरांनी यंत्राचं बटण दाबलं आणि बुवांना खूण केली.

"देणार ना रक्त?" बुवा खांबाजवळूनच म्हणाले. "बोला..."

कुणी बोललं नाही. मी पेटीचा सूर धरून ठेवला होता, त्या मंडपात तेवढाच आवाज. उभ्या जन्मात 'बोला' नंतरची शांतता मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"पुन्हा म्हणा," डॉक्टर कुजबुजले. "ऐकू गेलं नसेल."

आणि तेव्हा आई उठली.

"सुंदराबाई, बसा," बुवा घाईनं म्हणाले. "कीर्तनात उठू नये."

"बुवा, तुमी आधी वर चढा." आई पदर सावरत म्हणाली. "माझ्यापायी तुमी गादी सोडली. मला ते सोसत न्हाई. वर चढा, मंग बसते."

बुवा हलले नाहीत.

"बरं. मंग मी खरं बोलते, म्हंजे तुमाला चढता यील. ह्यो भानुदास माझ्या पोटचा न्हाई."

माझी बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. सूर सुटला नाही, एवढं मात्र सांगतो.

आई डॉक्टरांकडं वळली. "डाक्टरसाहेब, तुमच्या पोरीनं इचारलं, हयात किती? मी म्हणाले एक. त्ये खोटं हुतं. माझ्या पोटचं हयात एक बी न्हाई. त्या सैपाकघरापायी माझी तीन गेली. पयली चार म्हैन्यांची, वैजयंता. दुसरा रामा, त्यो सा म्हैन्यांचा, त्याला बोटं आली हुती. आन् तिसरी तुळसा. ती भाईर आली, एक रडली, पुन्यांदा न्हाई रडली. नावं मीच ठेवलीती. कुनाला सांगितली न्हाईत."

"मावशी, त्या गोष्टींचा किरणांशी संबंध सिद्ध झालेला नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज मऊच होता त्यांचा.

"व्हय ना? मंग मोजा की! तुमी न मोजताच सिद्ध करायला लागला. सासू मरंस्तोवर मला म्हणायची, पोरं खाती ही अवदसा. मी ऐकून घेतलं. मला बी वाटलं, आसंल बाबा. मंग ती कटकट करणारी यंत्रं आली, तवा माझ्या जिवाला पयल्यांदा थंड वाटलं. म्हणलं, मी न्हाई गं, मी न्हाई खाल्ली." तिनं फलकाकडं हात केला. "आन् आता तुमी माझाच ल्योक तितं लावून जगाला सांगणार, सळ्यांनी काय झालं न्हाई. मंग माझी पोरं कुठं गेली, डाक्टर? परत मीच खाल्ली?"

डॉक्टरांनी फलकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग जे म्हणाले ते ध्वनिमुद्रणात अजून असेल. "म्हणजे... कोआ-एक बाद."

तात्या सुतारांची सून उठली. "माझं बी एक मोजा. पाच म्हैन्यांचं. नाव न्हाई ठेवलं. आता ठेवते, बाळकृष्ण." मग मागून एक म्हातारी, नुसती दोन बोटं वर करून. मग आणखी कुणी. ज्या आळीत कीर्तनात खोकायलासुद्धा बाहेर जातात, त्या आळीतल्या बाया एकामागून एक उभ्या राहत होत्या.

"ते यंत्र बंद कर," डॉक्टर मृण्मयीला म्हणाले.

तिनं यंत्राला हात लावला नाही. मांडीवरचा टॅब उघडला. "मावशी, सावकाश सांगा. वैजयंता, पुढं?"

"कुठल्या रकान्यात लिहितेस?" डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले.

"रकाना नाहीये, सर. शेरा म्हणून लिहिते."

ती डोळे पुशीत लिहीत राहिली. सगळ्यांचं लिहून झाल्यावर वामनबुवा खांबापासून निघाले, गादीशी आले, वाकून तिला हात लावला आणि वर चढले. आधी आईला हात जोडले. मग उत्तररंग सुरू केला. आख्यान कुठलं लावलं ते मला आठवत नाही. मी काय वाजवलं तेही नाही.

घरी जाताना आई पुढं, मी पेटी खांद्यावर घेऊन मागं.

"तुला कवा कळलं?" तिनं मागं न बघता विचारलं.

"चौथीत."

"आन् बोलला न्हाईस?"

"तू तरी कुठं बोललीस?"

"मी आई हाय. मी कशाला बोलंन?"

"मग मी लेक आहे."

ती थांबली, वळली आणि माझ्या दंडावर एक चापट मारली. जोरात. मग तिथंच हात ठेवून उभी राहिली. मी विचारलं, "तिचं नाव काय होतं गं? शेजारच्या खाटेवरचीचं?"

"ठावं न्हाई रं. तिची बोली मला कळंना, माझी तिला. रातभर माझा हात धरून हुती. मी कळा देताना ती दाबायची, ती देताना मी. नाव इचारायचं सुचलंच न्हाई." आईनं पदरानं तोंड पुसलं. "ती बी डोक्यावरनं तेच भंगार वाहायची की. तिला कोण मोजणार?"

संस्था आठवड्याभरात गेली. पुढं कधीतरी त्यांचा छापील वृत्तान्त देवळाच्या पत्त्यावर आला. त्यात आमच्या आळीवर एकच ओळ होती. 'सांस्कृतिक अडथळ्यांमुळे येथील काम स्थगित. समाजाचा प्रतिसाद मात्र उत्साहवर्धक.' तात्यांनी ती मोठ्यानं वाचून घेतली, दोनदा. मृण्मयी नोकरी सोडून गेली म्हणे. ती शेऱ्यांची यादी कुठं आहे, कुणी वाचली का, मला ठाऊक नाही.

वामनबुवा गेले. चार वर्षांमागं आईही गेली, आषाढात, माझ्या मांडीवर. शेवटच्या दिवसांत तिला माझं नाव आठवायचं नाही, पण ती तीन नावं एकापाठोपाठ एक म्हणायची, पोरांना जेवायला हाक मारावी तशी.

मला मूलबाळ नाही. माझ्यानंतर ती हाक मारायला कुणी उरणार नाही, म्हणून तुम्हाला एवढं जवळ बसवलं. आता उठाल, घरी जाल, देवापुढं दिवा लावाल. तेव्हा आपल्या माणसांची आठवण काढून झाली की थोडं थांबा आणि म्हणा, वैजयंता, रामा, तुळसा. आणि मग क्षणभर गप्प राहा. ते तिच्यासाठी, जिचं नाव माझ्या आईला विचारायचं सुचलं नाही.